न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा परिपाठ आहे. त्या पंक्तीला आज आम्ही एक अमेरिकन चित्रपट आणून बसवीत आहोत, आणि तोही विज्ञानकथेचा, पाठलागाचा आणि मारामारीचा! कार्यक्रमपत्रिका वाचून आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले, "अहो, त्या धावाधावीवर तुम्ही तासभर बोलणार तरी काय?" त्यांची शंका रास्त आहे. नुसत्या धावाधावीवर तासभरच काय, पाच मिनिटेही बोलता यायचे नाही. परंतु ज्या चित्रपटाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यातला माणूस ज्या प्रश्नापायी धावतो आहे, तो प्रश्न तुमच्या-आमच्या दाराशीही येऊन उभा आहे. म्हणून हा प्रपंच.

चित्रपटाचे नाव 'मायनॉरिटी रिपोर्ट'. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग, नायक टॉम क्रूझ. २१ जून २००२ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा स्कॉट फ्रँक आणि जॉन कोहेन ह्यांची असून तिला आधार आहे फिलिप के. डिक ह्या लेखकाच्या १९५६ सालच्या कथेचा. नावाचा अर्थ आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. एखाद्या चौकशी समितीत बहुसंख्य सभासदांचे एक मत पडते आणि एखादा सभासद आपले वेगळे मत लिहून अहवालाला जोडतो. त्याला आपण भिन्नमतपत्रिका म्हणतो. 'मायनॉरिटी रिपोर्ट' म्हणजे तीच भिन्नमतपत्रिका.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. पाहिलेल्यांनी क्षमा करावी.

काळ इसवी सन २०५४, स्थळ वॉशिंग्टन. ह्या शहरात सहा वर्षे एकही खून पडलेला नाही. कारण तेथे पोलिसांचे एक निराळे खाते आहे. खून झाल्यावर खुन्याला पकडण्याचे काम हे खाते करीत नाही. खून होण्यापूर्वीच ते त्याला पकडते. ते कसे? तर तीन तरुण जीव एका उथळ कुंडात, गुंगीच्या औषधांखाली, रात्रंदिवस तरंगत ठेवलेले आहेत. त्यांना पुढे होणारे खून स्वप्नासारखे दिसतात. ते दिसले की एक यंत्र लाकडाचा गोळा कातते. एकावर मरणाराचे नाव, एकावर मारणाराचे. रागाच्या भरात होणारा खून असेल तर गोळा तांबडा, योजून केलेला असेल तर तपकिरी. मग अधिकारी त्या स्वप्नांची चित्रे पडद्यावर उलगडून जागा शोधतात, धावत जातात आणि 'भावी खुन्याला' बेड्या घालतात. खटला नाही, वकील नाही, बचाव नाही. डोक्याभोवती एक कडे बसवले की माणूस बेशुद्ध, आणि मग एका नळकांड्यात उभा करून वर्षानुवर्षे साठवून ठेवायचा!

ह्या खात्याचा प्रमुख अधिकारी जॉन अँडरटन. त्याचा लहान मुलगा शॉन काही वर्षांपूर्वी पोहण्याच्या तलावावरून नाहीसा झाला आहे. त्या दुःखाने त्याचा संसार मोडला आणि त्याच दुःखातून त्याची ह्या खात्यावर श्रद्धा बसली. एके दिवशी यंत्रातून तपकिरी गोळा बाहेर पडतो आणि त्यावर त्याचेच नाव असते. छत्तीस तासांच्या आत तो लिओ क्रो नावाच्या माणसाचा खून करणार आहे. ह्या क्रोचे नावही त्याने कधी ऐकलेले नाही. आता पकडणाराच पळू लागतो, आणि त्याचेच सहकारी त्याच्या मागे लागतात.

प्रथम गुणांकडे वळू.

ह्या चित्रपटाचा पहिला मोठा गुण हा, की त्यातली धावपळ आणि त्यातला विचार हे एकमेकांत मुरलेले आहेत. पुष्कळ चित्रपटांत दहा मिनिटे मारामारी होते, मग दोन पात्रे बसून तत्त्वज्ञान बोलतात आणि पुन्हा मारामारी सुरू होते. येथे तसे नाही. अगदी पहिलाच प्रसंग पाहा. एक साधासुधा नवरा सकाळी कामावर निघाला आहे. बायकोचे दुसऱ्या कोणाशी संबंध असल्याचा त्याला संशय आहे. तो परत फिरतो, घरात शिरतो, दोघांना एकत्र पाहतो, कात्री उचलतो. इकडे अँडरटनला जागा सापडत नाही. तेव्हा एक बारीक गोष्ट त्याच्या नजरेत भरते: एका चित्रात एक मुलगा माणसाच्या डाव्या बाजूला आहे, दुसऱ्यात उजव्या बाजूला. म्हणजे मुलगा गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या चक्रावर बसला आहे! तेवढ्या धाग्यावरून घर सापडते, पोलीस धावतात आणि कात्री खाली येण्याआधी हात धरला जातो. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. आणि लगेच तो नवरा रडत ओरडू लागतो, की मी काही करणार नव्हतो. त्याच्या डोक्याला कडे बसते. आता ह्या क्षणी आपल्याला काय वाटते, ते स्वतःलाच विचारून पाहावे. दोन जीव वाचले म्हणून आनंद वाटतो. आणि ह्याने तर अजून काहीच केले नव्हते, म्हणून अस्वस्थही वाटते. चित्रपटाचा सगळा प्रश्न दिग्दर्शकाने पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, एकही भाषण न देता, आपल्या पोटात उतरवला आहे. हे साधे काम नव्हे.

दुसरा गुण म्हणजे त्याने उभे केलेले जग. १९९९ मध्ये स्पिलबर्गने वास्तुशास्त्र, संगणक, शहररचना अशा विषयांतले जाणकार सांता मोनिका येथे तीन दिवस एकत्र बसवले आणि पन्नास वर्षांनंतरचे जग कसे असेल, ह्याचा त्यांच्याशी खल केला. हवेत हात फिरवून पडद्यावरची चित्रे सरकवण्याची जी युक्ती अँडरटन वापरतो, ती जॉन अंडरकॉफलर ह्या संशोधकाच्या मदतीने बसवलेली आहे. आज आपली नातवंडे बोटाने पडदा सरकवतात, तेव्हा त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. २००२ मध्ये ते वाटत असे. परंतु त्याहूनही खरी ठरली ती दुसरी गोष्ट. त्या शहरात जागोजागी डोळ्यांची बुबुळे वाचणारी यंत्रे आहेत. माणूस रस्त्याने चालला की भिंतीवरच्या जाहिराती त्याला नावाने हाका मारतात, 'तुम्ही दमलेले दिसता, अमुक पेय घ्या,' असा आग्रह करतात. पुढे अँडरटन लपण्यासाठी आपले डोळे काढून दुसऱ्याचे बसवून घेतो. मग तो कापडाच्या दुकानात शिरतो, तर यंत्र त्याचे एका जपानी नावाने स्वागत करते आणि मागच्या खरेदीची चौकशी करते! प्रेक्षक हसतात. पण हसता हसता कळते, की ज्या डोळ्याने दुकानदार गिऱ्हाईक ओळखतो, त्याच डोळ्याने पोलीस संशयित ओळखतो. दोघांची यंत्रणा एकच आहे.

तिसरा गुण चित्रणाचा. यानुश कामिन्स्की हे छायालेखक. त्यांनी चित्रपटातले रंग मुद्दाम उतरवून सगळीकडे निळसर-करडी कळा आणली. त्यामुळे ते स्वच्छ, सुरक्षित शहर दवाखान्यातल्या फरशीसारखे थंडगार वाटते. त्यातला एक प्रसंग तर कोणत्याही चित्रपटाच्या विद्यार्थ्याने पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून अँडरटन एका जुनाट चाळवजा इमारतीत पडला आहे. पोलीस लहान लहान यांत्रिक कोळी सोडतात. ते दाराच्या फटींतून शिरून प्रत्येक माणसाचे बुबुळ तपासतात. कॅमेरा छपराच्या वरून, भिंती नसल्यासारखा, एका खोलीवरून दुसऱ्या खोलीवर सरकतो. एका खोलीत नवरा-बायको कडाक्याने भांडत आहेत. कोळी आला की दोघे निमूटपणे थांबतात, डोळा पुढे करतात, आणि कोळी गेला की पुन्हा भांडू लागतात. एका खोलीत मुले भेदरलेली आहेत. अँडरटन बर्फाच्या पाण्यात बुडून राहतो, आणि त्याच्या नाकातून सुटलेल्या एका बुडबुड्याने त्याचा घात होतो. ह्या प्रसंगात भीती आहे, विनोद आहे, कसब आहे; आणि मुख्य म्हणजे, माणसे कशाकशाची सवय करून घेतात, ते त्यात आहे. ते भांडण थांबवून डोळा पुढे करणारे जोडपे आम्हांला ह्या चित्रपटातले सर्वांत भयंकर चित्र वाटते.

चौथा गुण वादाचा. विटवर नावाचा सरकारी अधिकारी खात्याची तपासणी करायला येतो आणि अँडरटनला खोचक प्रश्न विचारतो, की ज्याने गुन्हा केलाच नाही त्याला तुम्ही गुन्हेगार कसे म्हणता? उत्तरादाखल अँडरटन एक लाकडी गोळा मेजावरून घरंगळत सोडतो. विटवर तो काठावर झेलतो. का झेललास? तर पडणार होता म्हणून. पण पडला तर नाही! झेलल्यामुळे पडला नाही, म्हणून तो पडणार नव्हता असे म्हणता येत नाही. युक्तिवाद मोठा बिनतोड वाटतो. पण थोडा विचार केला तर त्यातली मेख दिसते. गोळ्याला मन नाही. मेजाच्या काठाशी पोहोचल्यावर तो थबकत नाही, आईची आठवण काढीत नाही, माघारी फिरत नाही. माणूस फिरतो. कितीतरी वेळा रागाच्या भरात उगारलेला हात तुम्ही-आम्ही खाली घेतलेला आहे. उगारलेल्या प्रत्येक हाताबद्दल शिक्षा व्हायची असती, तर आज ह्या मंडपात खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या.

आपल्याला ही गोष्ट अनोळखी नाही. देवकीच्या वरातीत कंस रथ हाकीत होता. आकाशवाणी झाली, की हिचा आठवा पुत्र तुझा काळ ठरेल. देवकीने काय केले होते? काहीच नाही. पण भविष्य कळले म्हणून कंसाने तिला वसुदेवासह बंदिवासात टाकले आणि मुलांमागून मुले मारली. ज्या अनर्थाला तो भीत होता, तो त्याने त्याच कृत्यांनी जवळ आणला. अँडरटनचेही तसेच होते. भविष्यवाणी झाली नसती, तर तो ह्या क्रोकडे गेलाच नसता. फरक इतकाच, की कंसाने भविष्याला भिऊन निरपराधांवर हत्यार उचलले. अँडरटन, समोर आपल्या मुलाचा मारेकरी उभा आहे असे वाटत असतानाही, हत्यार आवरतो. अगाथा ही त्या तिघांतली भविष्य पाहणारी मुलगी त्याला विनवीत असते, की तुला अजून निवड करता येते. ठरलेली घटिका टळते. तो थरथरत्या आवाजात, अटक झालेल्या माणसाला त्याचे हक्क वाचून दाखवू लागतो. आमच्या मते हा चित्रपटाचा कळस आहे. ज्या खात्यात कोणाचे हक्क वाचले जात नव्हते, त्या खात्याचा प्रमुख शत्रूला हक्क वाचून दाखवतो!

अगाथेच्या भूमिकेत सामंथा मॉर्टन ह्या नटीने जे काम केले आहे, त्याचाही उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. अँडरटनच्या घटस्फोटित पत्नीच्या घरी, हरवलेल्या मुलाच्या खोलीत, ती त्या मुलाचे न घडलेले आयुष्य सांगते: तो शाळेत गेला असता, धावला असता, प्रेमात पडला असता. बाप-आई ऐकत राहतात. जी शक्ती न घडलेल्या खुनांसाठी माणसांना डांबीत होती, तीच शक्ती येथे न घडलेल्या आयुष्यासाठी रडते. पाठलागाच्या चित्रपटात असा प्रसंग क्वचित सापडतो.

एवढे गुण सांगितल्यावर आता दोषांचा हिशेब मांडला पाहिजे. नाहीतर समीक्षेची जाहिरात होईल.

किरकोळ दोष प्रथम सांगतो. नायक फरारी झाला, सारे शहर त्याला शोधते आहे, आणि त्याच्या जुन्या डोळ्यांनी त्याच्याच कचेरीचे दार उघडते! पुढे त्याची पत्नीही त्याच डोळ्याच्या साहाय्याने तुरुंगात शिरते. आपल्याकडे सरकारी नोकर निलंबित झाला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाची किल्ली काढून घेतात. २०५४ मधल्या पोलिसांना एवढे सुचू नये? दुसरा दोष चवीचा. एकीकडे गंभीर प्रश्न, आणि दुसरीकडे कुजके सँडविच, ओकाऱ्या, उताराने घरंगळणारा डोळा आणि त्याच्यामागे धावणारा नायक. हा बीभत्सरस मध्येच तोंड घालतो आणि जमलेला रंग बिघडवतो. तिसरा दोष अधिक गमतीचा. जाहिराती माणसाचा पिच्छा कसा पुरवतात, ह्याची थट्टा करणाऱ्या ह्याच चित्रपटात लेक्सस मोटार, नोकिया आणि इतर खऱ्या कंपन्यांची नावे ठळकपणे झळकतात. म्हणजे मद्यपानाच्या दुष्परिणामांवर व्याख्यान, आणि मंडपाला देणगी गुत्तेवाल्याची!

पण ह्या गोष्टी सोडून देता येतात. खरा दोष शेवटात आहे, आणि तो सोडून देता येत नाही.

कथेच्या मध्यावर अँडरटनला एक गुपित कळते. त्या तिघांचे नेहमीच एकमत होते असे नाही. कधी कधी दोघांना एक दिसते आणि तिसऱ्याला वेगळे. त्या तिसऱ्याचे मत, म्हणजे ती भिन्नमतपत्रिका, दफ्तरातून गुपचूप नष्ट केली जाते. कारण संशय आहे असे लोकांना कळले तर खात्यावर कोण विश्वास ठेवील? हे ऐकताच प्रेक्षक सावरून बसतो. आता खरा प्रश्न आला! नळकांड्यांत उभ्या असलेल्या त्या माणसांपैकी किती जणांच्या बाजूने एक मत होते? पण चित्रपट पुढे काय करतो? अँडरटनच्या बाबतीत भिन्नमतपत्रिका नव्हतीच, असे सांगून तो हा धागाच तोडून टाकतो. जिच्यावरून चित्रपटाला नाव दिले, ती पत्रिका मध्यंतरानंतर कोणालाच आठवत नाही.

त्याऐवजी आपल्यापुढे येतो एक खलनायक. खात्याचा संस्थापक लामार बर्जेस ह्याने पूर्वी अगाथेच्या आईचा खून पचवलेला असतो. तिला आपली मुलगी परत हवी होती, आणि अगाथेवाचून खाते चालणे शक्य नव्हते. पचवण्याची त्याची युक्ती मोठी हुशारीची आहे: एका भाडोत्री माणसाला तिला बुडवायला पाठवायचे, त्याला पोलिसांनी पकडून नेऊ द्यायचे, आणि मग तशाच वेषात, त्याच जागी, तसेच तिला स्वतः बुडवायचे. यंत्रावर दुसरे दृश्य उमटले, तरी पहिल्याचाच पडसाद समजून कारकून ते पुसून टाकणार! रहस्यकथा म्हणून हे झकास आहे. मॅक्स फॉन सीडो ह्या थोर नटाने तो म्हातारा रंगवलाही सुरेख आहे. शेवटी त्याच्यापुढे पेच पडतो: अँडरटनला मारावे तर खाते खरे ठरते पण आपण तुरुंगात, न मारावे तर भाकीत खोटे ठरते आणि खाते बुडते. तो स्वतःवरच गोळी झाडतो. खाते बंद होते, कैदी सुटतात, मोडलेला संसार पुन्हा जुळतो, आणि ती तिघे एका दूरच्या कुटीत पुस्तके वाचीत बसतात. पडदा.

आमचा आक्षेप हा, की खाते बुडाले ते एका लबाड माणसामुळे. समजा, बर्जेस सज्जन असता, तर? त्याने कोणाचाही खून केला नसता, तर ते खाते योग्य ठरले असते काय? ते नळकांड्यांतले लोक न्यायाने तेथे असते काय? चित्रपटाने आरंभी जो प्रश्न विचारला तो हा होता, की करण्याआधीच शिक्षा देणे न्याय्य आहे काय. शेवटी त्याने उत्तर दिले ते भलत्याच प्रश्नाचे: खुनी माणसाच्या हाती असे खाते असावे काय? ह्याचे उत्तर लहान मूलही देईल. घर पायापासून चुकीचे बांधलेले आहे असे अडीच तास दाखवायचे, आणि शेवटी भाडेकरू वाईट होता म्हणून त्याला बाहेर काढायचे, अशातला हा प्रकार झाला.

दुसऱ्या बाजूचाही विसर पडता कामा नये. त्या खात्याने सहा वर्षे खून थांबवले होते. ते बंद झाल्यावर पुन्हा खून होणार. ज्या आईचे मूल उद्या मारले जाईल, तिला तुम्ही काय सांगणार? स्वातंत्र्याला किंमत पडते, आणि ती पुष्कळदा निरपराधांनाच मोजावी लागते, हे कटू सत्य चित्रपट प्रेक्षकांच्या पदरात घालीत नाही. उलट एक मोठे मार्मिक वाक्य तो जाता जाता उच्चारतो आणि सोडून देतो: कैद्यांना बिनशर्त माफी मिळाली, पण त्यांच्यातल्या पुष्कळांवर पोलिसांनी पुढे कित्येक वर्षे पाळत ठेवली. माफी कशाची? त्यांनी केले काय होते? ह्या एका वाक्यात दुसऱ्या चित्रपटाचे बीज आहे.

मूळ कथा ह्या बाबतीत अधिक निर्दय आणि म्हणून अधिक प्रामाणिक आहे. डिकच्या कथेतला अँडरटन हा टॉम क्रूझसारखा देखणा तरुण नव्हे. तो टक्कल पडू लागलेला, पोट सुटलेला म्हातारा आहे, आणि खात्याचा संस्थापक तोच आहे. आपण ज्यांना डांबतो त्यांनी कायदा मोडलेलाच नसतो, हे तो सरळ कबूल करतो. खाते उलथून पाडण्याचा सैन्यातल्या काही लोकांचा डाव असतो. आणि खाते वाचावे म्हणून तो शेवटी भाकिताप्रमाणे खरोखरच खून करतो आणि परग्रहावर हद्दपारी पत्करतो. त्याचा निर्णय आम्हांला पटत नाही. पण त्यात एक गोष्ट आहे: ह्या व्यवस्थेची किंमत काय, हे लेखकाने लपवलेले नाही. स्पिलबर्गने ती किंमत खलनायकाच्या नावावर मांडली आणि आपल्याला हलक्या मनाने घरी पाठवले.

आता कोणी म्हणेल, करमणुकीच्या चित्रपटाकडून इतकी अपेक्षा कशाला? ह्यावर आमचे उत्तर असे, की हा प्रश्न कल्पनेतला राहिलेला नाही. चित्रीकरण २००१ च्या जुलैत आटोपले. सप्टेंबरात न्यूयॉर्कवर हल्ला झाला. आणि चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा ग्वांतानामोच्या तुरुंगात खटल्यावाचून माणसे ठेवायला सुरुवात झालेली होती. पुढे अमेरिकेत संगणकाला गुन्ह्यांचे भाकीत विचारण्याचीही प्रथा पडली. लॉस एंजेलिसचे पोलीस गुन्हा कोठे घडेल ते यंत्राला विचारीत. २०२० मध्ये त्यांनी ते यंत्र सोडून दिले. शिकागोच्या पोलिसांनी तर माणसांनाच धोक्याचे गुण देणारी यादी केली होती. ती २०१९ मध्ये गुंडाळावी लागली. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ शहराने २०२० मध्ये अशा भाकितांवर बंदीच घातली. यंत्राला काय दिसते? जेथे पोलीस आधीपासून अधिक फिरले, तेथली अटकांची नोंद अधिक. म्हणून यंत्र पुन्हा तिकडेच बोट दाखवते. त्याला भविष्य दिसत नाही. आपलाच भूतकाळ दिसतो.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ह्या प्रश्नाला यंत्र लागत नाही. राज्यघटना अमलात आल्यावर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. घडलेल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा म्हणून ही स्थानबद्धता नसते. माणूस पुढे काही करील ह्या अंदाजावर असते. घटनेच्या बाविसाव्या कलमातच तिला जागा आहे, आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय घ्यावा, असा बांधही त्याच कलमात आहे. दंगली, गुंडगिरी, देशाची सुरक्षितता ह्यांचा विचार करता असा अधिकार अगदीच नको, असे म्हणणारे थोडे. पण तो किती सैल सुटतो, हे १९७१ च्या 'मिसा' कायद्याने आणीबाणीत दाखवून दिले. ह्या सभेतल्या पिकल्या केसांच्या मंडळींना त्याची आठवण द्यायला नको. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली माणसे तेव्हा तुरुंगात होती.

आणि येथेच आम्हांला खरी भिन्नमतपत्रिका भेटते. स्थानबद्ध माणसाला आणीबाणीत न्यायालयात दाद मागता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले, मागता येत नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना ह्यांनी वेगळे मत लिहिले. त्याची किंमतही त्यांनी मोजली: जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमण्यात आले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. पण त्यांचे मत कोणी पुसून टाकू शकले नाही. ते निकालपत्राला जोडलेले होते, छापलेले होते. एकेचाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच न्यायालयाने बहुमताचा तो निर्णय चुकीचा ठरवला. त्या चार न्यायमूर्तींपैकी एक होते आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चंद्रचूड. आणि २०१७ मध्ये तो निर्णय मोडीत काढणारे निकालपत्र लिहिले त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड ह्यांनी!

चित्रपटाने हरवून टाकलेला धागा तो हा. भविष्य सांगणारा देव असो, तीन द्रष्टे असोत, अधिकारी असो की संगणक असो, तो चुकणार नाही असे ज्या दिवशी आपण मानतो, त्या दिवशी पहिली गोष्ट नष्ट होते ती वेगळे मत. आणि वेगळे मत दफ्तरातून नाहीसे झाले, की चूक दुरुस्त करण्याची वाटच बुजते. चांगला माणूस वर बसवून हा दोष जात नाही. चांगल्या माणसाच्या निर्णयालाही उलट प्रश्न विचारता यावा, अशी व्यवस्था असावी लागते.

तर असा हा चित्रपट. गुणांच्या बाजूला त्याचे पारडे जड आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. रॉजर एबर्ट ह्या नामवंत अमेरिकन समीक्षकाने त्या वर्षातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याची निवड केली, ती काही उगाच नव्हे. त्याचा शेवट दुबळा आहे. पण ज्या चित्रपटाने मोठा प्रश्न विचारलाच नाही त्याच्या सफाईदार शेवटापेक्षा, मोठा प्रश्न विचारून अडखळलेला चित्रपट आम्हांला जवळचा वाटतो. त्याने अर्धवट सोडलेले उत्तर पुरे करण्याचे काम प्रेक्षकांचे आहे.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरी मुलांबरोबर हा चित्रपट जरूर पाहा. पहिल्या प्रसंगातला तो कात्री उचललेला नवरा दिसला, की क्षणभर चित्र थांबवा आणि मुलांना विचारा: ह्याला सोडावे की बांधावे? उत्तरे निरनिराळी येतील. एखादा मुलगा सगळ्यांच्या उलट बोलेल. त्याला गप्प बसवू नका. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.